साध्या सायकलीची चाके

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. मराठी वाचकास ते अगदीच परके नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांच्या काळातील मुक्तांबाळ छत्र येथेच आहे. रामेश्वरास पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना अन्न व निवारा मिळावा, म्हणून तंजावरच्या भोसले राजांनी जी छत्रे उभारली त्यांपैकी हे एक होय. प्रदेश कावेरीच्या पाण्यावर पोसलेला, भातशेतीचा व सपाट. चढ-उतार नसल्यामुळे गिअर नसलेली साधी सायकल येथे उत्तम चालते. तमिळनाडु शासनाने २००१-०२ साली प्रथम अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींना व पुढे सरकारी आणि अनुदानित शाळांतील अकरावीच्या सर्वच मुलामुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला. ह्या सायकलीस तेथे ‘विलैयिल्ला मिदिवंडि’, म्हणजे बिनमोलाची सायकल, असे म्हणतात. शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात तर १९९१ नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो स्त्रिया सायकल चालविण्यास शिकल्या.

अशी स्वस्त व दणकट सायकल हाती आली म्हणजे तिची चाके बदलून ती हलकी करता येईल काय, असा प्रश्न वर्ष-दोन वर्षांत पडतोच. त्याचे उत्तर देण्यापूर्वी चाक काम कसे करते ते पाहिले पाहिजे.

बैलगाडीच्या चाकात बोजा तुंब्यावरून खालच्या जाड लाकडी आऱ्यांवर येतो व ते आरे दाबले जातात. सायकलीचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार. तिच्यावर नुसता दाब दिला तर ती तात्काळ वाकेल. म्हणून सर्व तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. स्वार बसला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. तो शून्यावर येत नाही तोवर चाक भक्कम राहते. तारा तुंब्यापासून सरळ न निघता तिरप्या, स्पर्शिकेच्या दिशेने लावण्याची युक्ती जेम्स स्टार्ली ह्या इंग्रज कारागिराने १८७४ साली काढली. तिच्यामुळे साखळीचा जोर तुंब्याकडून रिमकडे सुरळीत पोहोचतो.

अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. घर ते शाळा अंतर पाच किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन चाकाचे साडेचार हजार फेरे होतात; दोनशे दिवसांच्या शालेय वर्षात नऊ लाख. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तारेचा ताण एकदा उतरतो व पुन्हा चढतो. तार सैल असेल तर ही उलथापालथ अधिक तीव्र होते आणि धातू थकून तार तुंब्याजवळच्या बाकापाशी तुटते. तारा जाड नाहीत म्हणून तुटल्या, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. वस्तुतः त्या बहुधा सैल असतात. सायकल दुकानात ज्याला ‘चाकाचा आउट काढणे’ म्हणतात, ते काम म्हणजे तारांचा ताण सारखा करणे. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या ठिकाणच्या उजव्या बाजूच्या तारा निपलच्या किल्लीने पाव-पाव फेरा आवळावयाच्या व डाव्या तितक्याच सैल करावयाच्या. नवीन चाक घेण्यापूर्वी हे काम एकदा करून पाहावे. खर्च नाममात्र असतो.

आता श्रम जातात कोठे ते पाहू. स्वार, सायकल व दप्तर मिळून ७५ किलो भार आहे आणि वेग ताशी १२ किलोमीटर आहे असे धरू. ह्या वेगास वाऱ्याचा विरोध साधारण १३ वॉट शक्ती खातो. सामान्य प्रतीचा, हवा कमी असलेला टायर सहज २४ वॉट खातो. चांगला टायर योग्य हवेनिशी १५ वॉटवर भागवतो. कारण टायरचा जो भाग जमिनीस टेकतो तो चेपतो व पुन्हा फुगतो, आणि चेपण्यात खर्चलेली सर्व शक्ती रबर परत करीत नाही. काही उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर प्रथम टायर घ्यावेत, आणि टायरच्या कडेवर छापलेला दाब ट्यूबमध्ये राखावा. ह्या बाबतीत आठवड्यातून एकदा मारलेला पंप महागड्या रिमहून अधिक उपयोगी ठरतो.

तुंब्यातील छर्रे नीट असतील तर त्यांचे घर्षण नगण्य असते. पण ह्या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यातून सायकल नेली की तुंब्यात पाणी व गाळ शिरतो. पाऊस सरल्यावर छर्रे काढून पुसावेत, नवे ग्रीस भरावे. कोन इतकाच आवळावा की चाक बाजूस हलू नये, आणि उचलून सोडले असता जड बाजू आपोआप खाली येऊन झोके घेत थांबावी.

मग रिमचे काय? पोलादी रिमच्या जागी ॲल्युमिनिअमची घातली तर दर चाकामागे अदमासे अर्धा किलो वजन घटते. रिमवरचे वजन पुढेही जाते व फिरतेही, म्हणून वेग घेताना ते दुप्पट मोजावे लागते, हे खरे. परंतु दोन चाकांचा एक किलो दुप्पट धरला तरी ७५ किलोंत तो तीन टक्क्यांहून कमीच; आणि एकदा वेग आला म्हणजे हा फायदाही उरत नाही. हलकेपणासाठी रिम बदलणे मला तरी फारसे पटत नाही. बदलण्याचे सबळ कारण निराळे आहे, ते म्हणजे ब्रेक. मुलामा दिलेल्या गुळगुळीत पोलादी रिमवर पाणी पडले की ब्रेकचे रबर घसरते व थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. ॲल्युमिनिअमवर ते पुष्कळच चांगले धरते. बसगाड्यांच्या रस्त्याने भर पावसात शाळेस जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

मात्र येथे काही अडचणी आहेत. जुन्या धाटणीच्या सायकलीचे दांडीचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगास दाबतात. ॲल्युमिनिअम रिमला बाजूने चिमटा घेणारे ब्रेक लागतात, म्हणजे ब्रेकही बदलणे आले. जुन्या पद्धतीच्या सायकलीत पुढे ३२ व मागे ४० तारा असतात, तर बाजारातील बऱ्याच नव्या रिमांना दोहोंकडे ३६ भोके असतात. अशा वेळी तुंबा व ताराही नव्या घ्याव्या लागतात. आकाराचा घोळ तर विलक्षणच आहे. २८ × १½ ह्या टायरची बैठक ६३५ मिलिमीटर व्यासाची असते. ज्यांना ७०० म्हणतात त्यांची ६२२. २६ × १⅜ ची ५९०, आणि जाड टायरच्या डोंगरी सायकलीच्या २६ इंचीची ५५९. नाव एकच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून इंचांवर विसंबू नये. टायरवर मिलिमीटरमध्ये छापलेला आकडा वाचून मगच दुकानात जावे.

दोन्ही चाके एकदम बदलणे परवडत नसेल, तर पुढचे आधी बदलावे. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतेक काम तेच करते. मागील चाकात साखळी व फ्रीव्हील ह्यांची जुळणी असते, ते मागाहून सवडीने करता येईल. नव्या चाकाच्या तारा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरांत आपापल्या जागी बसतात व थोड्या सैलावतात. तेव्हा पंधरवड्याने सायकल पुन्हा दुकानात नेऊन त्या एकदा आवळून घ्याव्यात.