इर्जिक ते बचत गट : जिंतूर परिसरातील परस्परविश्वासाचा मागोवा

हॅडली कॅन्ट्रिल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या शिडीवर माणूस आपल्या जगण्याला शून्य ते दहा यांपैकी एक पायरी देतो, तर 1981 पासूनच्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो का, असे विचारले जाते. या प्रश्नाला अधिक होकार देणारे फिनलंड, डेन्मार्क यांसारखे देश शिडीवरही वरच्या पायऱ्यांवर आढळतात. ते सधनही असल्याने त्यात विश्वासाचा वाटा नेमका किती, हे ठरवणे मात्र कठीण आहे.

विश्वास आणि समाधान यांचा हा संबंध गावपातळीवर तपासताना, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि पूर्णा नदीकाठच्या शेतीवर जगणाऱ्या, परभणी जिल्ह्यातील जिंतूर परिसराचा विचार मराठवाड्यातील कृषिसमाजाचा भाग म्हणूनच करावा लागतो. या समाजात इर्जिक, म्हणजे एकाच्या शेतातील काम अनेकांनी मजुरी न घेता, जेवणावर उरकून देणे, आणि सावड, म्हणजे बैल व मनुष्यबळ आळीपाळीने एकमेकांना देणे, या रीतींनी अडीनडीचा भरवसा दिला. परंतु 1972 च्या दुष्काळात सगळ्यांचीच पिके गेल्यावर शेजाऱ्याच्या मदतीला स्वाभाविक मर्यादा पडली, आणि राज्याने कामाची हमी देणे किती आवश्यक आहे, हे 1977 च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केले.

त्याहून खोल उणीव 1978 मध्ये उघडी पडली. रॉबर्ट पुटनम यांनी आपल्याच गटाला घट्ट बांधणारे संबंध आणि गटागटांना जोडणारे संबंध असा जो भेद केला, त्यातील पहिले मराठवाड्यात बळकट होते, दुसरे फार दुबळे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत होताच परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. ज्या गावात एका वस्तीला दुसऱ्या वस्तीची धास्ती वाटते, तिथे भावकीच्या एकोप्याला गावाचे समाधान म्हणणे अन्यायाचे आहे.

नाबार्डने 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केल्यावर, तारणावाचून केवळ परस्परांच्या हमीवर कर्ज मिळण्याची वाट ग्रामीण स्त्रियांना मोकळी झाली. तरीही एकाच आळीतील, एकाच जातीतील स्त्रियांचा गट ही जुनीच चौकट ठरते. 2025 च्या जागतिक आनंद अहवालानुसार हरवलेली पाकिटे लोकांच्या अपेक्षेच्या सुमारे दुप्पट प्रमाणात परत मिळतात, म्हणजे परका माणूस समजला जातो त्याहून अधिक भरवशाचा असतो. म्हणून जिंतूरसारख्या तालुक्यात निरनिराळ्या वस्त्यांतील स्त्रिया एका गटात येतील, याकडे ग्रामपंचायतींनी आणि बँकांनी जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.