लोहाचा एक अणू

भिंतीचे पोपडे काढून खाणारं, पहिल्या पावसानंतर अंगणातली ओली माती चाटणारं पोर पाहिलंय ना? ‘घाण सवय’ म्हणून त्याला धपाटा मिळतो. पण पुष्कळदा अशा मुलाच्या शरीरात लोह कमी असतं. आणि गंमत अशी, की मातीतून लोह मिळणं राहिलं बाजूला. काही माती तर पोटातलं लोहच धरून ठेवते! मग त्या जिभेला नेमकी मातीच का हवीशी वाटते? शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवतायत. लोहाचं औषध सुरू केलं की रक्त सुधारण्याआधीच ही ओढ ओसरते, असंही अनेकदा दिसतं.

रक्ताआधी? म्हणजे लोहाचं काम मेंदूतही आहे तर! आहेच. उत्साह, लक्ष, हालचाल यांची सूत्रं हलवणारं डोपामिन ज्या विकराच्या मदतीने तयार होतं, त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. एकच! तो नसेल तर काम ठप्प.

आता टंचाई आली की शरीर चक्क भारनियमन करतं. पहिला पुरवठा लाल पेशींना, मेंदूचा फीडर बंद. त्यामुळे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट ठणठणीत असतानाही मेंदू उपाशी असू शकतो. (म्हणून मनानेच लोहाचं औषध पाजू नका, जास्त झालं तर ते विष आहे. आधी डॉक्टर.)

संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकातल्या तान्ह्या मुलांचं वागणं बारकाईने टिपलं. लोह कमी पडून रक्तक्षय झालेली बाळं आईला चिकटून बसत, बुजत, लवकर दमत, हसत कमी. आणि समोरची मोठी माणसंही त्यांच्याशी खेळताना कमी खुलत! अणू बाळाच्या डोक्यात कमी, आणि फरक आईच्या चेहऱ्यावर. उपचारांनी रक्त सुधारलं, पण ही मुलं अकरा-चौदा वर्षांची झाली तेव्हाही चिंता आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी त्यांच्यात जास्त होत्या.

महाराष्ट्रात 2019–21च्या पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. सगळाच लोहामुळे नव्हे, पण बराचसा.

बाळ पोटातून येतानाच लोहाची साधारण सहा महिन्यांची शिदोरी घेऊन येतं. जन्मल्यावर नाळ लगेच न चिमटता थोडं थांबलं, की वारेतलं आणखी रक्त बाळाकडे जातं. स्वीडनमध्ये काही बाळांची नाळ दहा सेकंदांच्या आत चिमटली, काहींची तीन मिनिटांनंतर. चार वर्षांनी तपासलं, तर थांबलेल्या गटातल्या जास्त मुलांना पेन्सिल नीट धरता येत होती.