प्यादे द्यावे, पण कशासाठी?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनसवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी बुद्धिबळावर बोलणार आहे. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. हा खेळ मी खामगावला, एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाबाहेर, गाड्यांची वाट पाहत बसलेल्या हमालांकडून शिकलो.

त्यांचा खेळ देशी पद्धतीचा होता. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, म्हणून डाव सावकाश उभा राही. विलायती पद्धतीत प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते. या वेगवान खेळातच गॅम्बिट फोफावला. हा शब्द इटालियन असून पायात पाय घालून पाडण्याच्या कुस्तीतल्या डावावरून आलेला आहे. आपल्या आखाड्यातली टांग त्याच जातीची. स्पेनच्या रुय लोपेझ या धर्मोपदेशकाने १५६१ साली आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला. आरंभीच प्यादे देऊ करायचे आणि त्याच्या मोबदल्यात चढाई मिळवायची, हा त्याचा अर्थ.

नमुना म्हणून इव्हान्स गॅम्बिट घेऊ. इव्हान्स हा वेल्समधला जहाजावरचा कप्तान. त्याचा हा डाव १८२७ च्या सुमारास लंडनमध्ये खेळला गेला. दोघेही राजापुढचे प्यादे दोन घरे चालवतात. पांढरा राजाकडचा घोडा काढतो, काळा वजिराकडचा. मग दोघांचे राजाकडचे उंट बाहेर येतात. येथे पांढरा आपल्या वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलून काळ्या उंटाच्या तोंडी देतो. उंट ते मारतो. लगेच पांढरा शेजारचे प्यादे एक घर चालवून उंटाला हुसकावतो आणि पुढच्या चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे रेटून पटाचा मध्य धरायला जातो.

आता हिशेब करा. काळ्याला एक प्यादे मिळाले, पण एकट्या उंटाच्या तीन चाली झाल्या. तेवढ्यात पांढऱ्याच्या मोहऱ्यांच्या वाटा मोकळ्या झाल्या, आणि त्याचा उंट काळ्या राजाकडच्या उंटापुढच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. आरंभी त्या प्याद्याला राखण फक्त राजाची असते. म्हणजे पांढऱ्याने प्यादे देऊन वेळ विकत घेतला. १९९५ साली रीगा येथे कास्पारोव्हने याच डावाने आपल्या विश्वनाथन आनंदना पंचवीस चालींत हरवले. आनंदांच्या राजाला किल्लेकोट करायला सवडच मिळाली नाही.

यावर उताराही आहे. लास्करने दाखवून दिले की घेतलेले प्यादे उराशी धरून बसू नये. योग्य वेळी परत करावे आणि आपली मांडणी नीट करावी. मग चढाईतला जोर ओसरतो, आणि मागे उरतात ती प्याद्यांची ठाणी. म्हणजे विकत घेतलेला वेळ लगेच कामी लावला नाही, तर तो फुकट जातो.

हे मला पटावर कळले होते, फाटकावर कळले नव्हते. आमच्याकडे जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. एका वर्षी मी हंगाम सरताना संप पुकारला. आवारात कापसाची गंजी उरली नव्हती. मालकाने खुशाल फाटक बंद ठेवले. अठरा दिवसांची मजुरी बुडाली आणि हाती काही आले नाही. त्यानंतर एका संध्याकाळी पट मांडताना एक म्हातारा हमाल म्हणाला, “भाऊ, पटावरलं प्यादं डब्यात जाते. आम्ही घरी जातो.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या हंगामात गाड्या फाटकाबाहेर उभ्या असताना आम्ही नोटीस दिली. पण त्याआधी प्रत्येकाला विचारले, आणि घरोघर चार दिवस पुरेल एवढी शिदोरी गोळा केली. चौथ्या दिवशी तडजोड झाली. आदल्या वर्षीची मजुरी मात्र कोणाला परत मिळाली नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, गॅम्बिट जरूर खेळा. त्याने भित्रेपणा जातो. मात्र प्यादे देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: बदल्यात वेळ किती मिळतो, आणि मागची मोहरी तयार आहेत का. पट सोडून माणसांत आलात, तर तिसरीही पाहा: ज्याला पुढे करता आहात, त्याला विचारले आहे का?