एका मशीनमध्ये तीन वेल्डिंग : बटणे आणि जोडण्या समजून घ्या



गळीत हंगाम संपला की गावोगावच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या, नांगर, रेझर दुरुस्तीला येऊन पडतात. पूर्वी गावात तेलात बुडालेला ट्रान्सफॉर्मरचा वेल्डिंग सेट असे. आता हातात उचलून नेता येईल असे इन्व्हर्टर मशीन आले आहे. त्यातली काही मशीन रॉडचे, मिगचे आणि टिगचे अशी तिन्ही प्रकारची वेल्डिंग करतात. अनेक सभासदांनी ती घरच्यासाठी घेतली आहेत. मात्र समोरची बटणे आणि छिद्रे पाहून माणूस गोंधळतो, आणि मग मागच्या कामाला जशी जोडणी होती तशीच ठेवून पुढचे काम उरकले जाते. असा जोड वरून गुळगुळीत दिसतो, पण आत धातू वितळलेलाच नसतो. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीचा हूक चढावर असा सुटला तर मागून येणाऱ्याचे काय होईल, ते आम्ही वेगळे सांगायला नको. म्हणून वर्कशॉपमधील आम्ही मंडळी हे मशीन आपल्यापुढे उलगडून ठेवीत आहोत.

आधी पाठीमागची बाजू पाहा

जुना ट्रान्सफॉर्मर सेट बहुधा दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चाले. नवे लहान मशीन बहुधा सिंगल फेजचे, २३० व्होल्टचे असते. मोटारीच्या स्टार्टरवरून सवयीने दोन फेज काढून या मशीनला दिले तर ते तिथेच जळते. तेव्हा मशीनच्या पाटीवर लिहिलेले व्होल्टेज वाचल्याशिवाय पिन लावू नये.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. आपल्याकडे कामाला लावायच्या चिमट्यालाही ‘अर्थिंग’ म्हणतात आणि जमिनीत गाडलेल्या अर्थिंगलाही अर्थिंगच म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिमटा वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेतो. मेन वायरमधली हिरवी तार मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत नेते. चिमटा लावला म्हणून हिरवी तार तोडून टाकली, तर ओल्या रानात उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. हिरवी तार जोडलेली हवीच, आणि लाइनवर ईएलसीबी असावा.

समोरची दोन तोंडे : प्लस आणि मायनस

समोर खाली दोन जाड पितळी सॉकेट असतात. पिन आत ढकलून उजवीकडे पिळली की घट्ट बसते. ढिली राहिली तर तापते आणि सॉकेट जळते. मिगच्या टॉर्चसाठी पुष्कळ मशीनवर एक छोटी वायर लोंबत असते. ती प्लसला लावली की टॉर्च प्लस, मायनसला लावली की टॉर्च मायनस. कामाप्रमाणे जोडणी अशी करावी :

१. गॅसवर चालणारी साधी मिग तार : टॉर्च प्लसला, चिमटा मायनसला.

२. बिनगॅसची, पोटात पावडर असलेली तार : बहुतेक वेळा टॉर्च मायनसला, चिमटा प्लसला. तारेच्या रिळावर लिहिलेले असते, ते वाचावे.

३. टिग : टॉर्च मायनसला, चिमटा प्लसला. टिगमध्ये जास्त उष्णता प्लसच्या बाजूला जाते. टॉर्च प्लसला लावली तर टंगस्टनचे टोक वितळून गोळा होतो.

४. रॉड : ७०१८ रॉडला होल्डर प्लसला लावावा. ६०१३ दोन्हीकडे चालतो. पाकिटावरची सूचना पाहावी. रॉडचे काम करताना मिगची छोटी वायर काढून ठेवावी, नाहीतर काही मशीनवर बाजूला पडलेल्या टॉर्चमध्येही करंट राहतो.

जोडणी बदलताना मशीन बंद करून पिन काढावी.

गॅस कोणता?

लोखंडाच्या मिगला कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण चालते. टिगला शुद्ध आर्गॉनच हवा, दुसरा गॅस दिला की टंगस्टन खराब होते. मिगला मिनिटाला १० ते १५ लिटर गॅस सोडला की बहुधा पुरतो. उघड्या रानात वारा गॅस उडवून नेतो आणि जोडात जाळी पडते. तिथे रॉड किंवा बिनगॅसची तार बरी. दुधाच्या स्टेनलेस किटलीसारख्या पातळ कामाला टिग उत्तम, पण ॲल्युमिनियमला एसी टिग लागते. फक्त डीसी देणाऱ्या मशीनवर तो खटाटोप करू नये.

आता बटणे

रॉडला मुख्य बटण एकच, अँपिअरचे. ढोबळ मानाने १२ नंबर रॉडला (२.५ मि.मी.) ६० ते ९०, १० नंबरला (३.१५ मि.मी.) ९० ते १३० आणि ८ नंबरला (४ मि.मी.) १४० ते १८० अँपिअर. ‘हॉट स्टार्ट’ म्हणजे सुरुवातीला क्षणभर जादा करंट, ‘आर्क फोर्स’ म्हणजे रॉड चिकटू लागला की आपोआप दिलेला रेटा.

मिगला दोन बटणे एकमेकांच्या मेळाने फिरवावी लागतात : व्होल्टेज आणि तारेचा वेग. तारेचा वेग वाढवला की अँपिअर वाढतात. वेग फार झाला तर तार कामावर आपटून टॉर्च मागे ढकलते, व्होल्टेज फार झाले तर तार जळत मागे जाऊन टिपला चिकटते. मेळ बसला की तेलात भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. ‘इंडक्टन्स’ वाढवले की ठिणग्या कमी उडतात. ‘२टी’ म्हणजे बटण दाबून धरा तोवर काम, ‘४टी’ म्हणजे एकदा दाबून सोडा, पुन्हा दाबून सोडले की बंद.

तार बदलली की आतला रोलरही पाहावा. साध्या तारेला ‘व्ही’ खाच, पावडरच्या तारेला दातेरी खाच.

मशीनचा दम

पाटीवर ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ असे असेल तर १० मिनिटांत ६ मिनिटे काम आणि ४ मिनिटे विसावा. हा हिशोब ४० अंश तापमानाचा आहे. आपला मे महिना त्याच्याही वर जातो, म्हणून विसावा वाढवावा. काम संपले तरी पंखा थोडा वेळ चालू ठेवावा.

ट्रॉली-ट्रॅक्टरवर काम करताना

चिमटा जोडाच्या अगदी जवळ, गंज व रंग खरवडून लावावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर आधी सोडावी. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही मारू नये, तापून टायर फुटतो आणि माणूस दगावतो.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. हुकाला हात घालण्यापूर्वी त्याच जाडीच्या दोन भंगार पट्ट्या एका बाजूने जोडा, शिकंजात धरा आणि जोड उघडेल अशा रीतीने घणाने वाकवा. पट्टी वाकली आणि जोड टिकला तर जोडणी व बटणे बरोबर आहेत. जोड सुटला तर बटणांच्या आधी प्लस-मायनस पाहा. हुकासारख्या कामात मनात शंका राहिली तर ते जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. आपली ट्रॉली रस्त्यावर एकटी नसते, तिच्या मागेपुढे आपल्याच सभासदांच्या गाड्या आणि शाळेची पोरे असतात.