हलत्या देखाव्यातला बोर्ड का तापतो?

गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांत वायपरची मोटर आणि सायकलची साखळी होती, तोवर बिघाड डोळ्यांना दिसायचा. आता बऱ्याच मंडळांनी क्लोज्ड लूप स्टेपर मोटर घेतली आहे. हालचाल सुरेख होते, पण सराव सुरू झाला की आमच्या देखावा समितीकडे हमखास विचारणा येते, "बोर्ड फार तापतोय, पंखा लावू का?" आमचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते, पंख्याचे नंतर बघू.

साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, एकेक पाऊल १.८ अंशांचे. पाऊल खरेच पडले का, हे तिला कळत नाही. म्हणून ती उभी असतानाही ठरलेला करंट घेत राहते आणि तापते. क्लोज्ड लूपमध्ये शाफ्टच्या टोकाला छोटे चुंबक असते आणि समोर एन्कोडर. शाफ्ट नेमका कुठे आहे हे एन्कोडर सांगतो आणि चांगला बोर्ड गरजेपुरताच करंट देतो. शाफ्ट मागे पडला, की तो जोर वाढवतो.

गोम इथेच आहे. साधी मोटर अडली की खटखट करते, मूर्तीचा हात भलत्याच जागी थांबतो आणि आपल्याला कळते. क्लोज्ड लूपमध्ये हात बरोबर हलत राहतो, बोर्ड मात्र मुकाट्याने जास्त करंट ओढत राहतो. कोरडे बेअरिंग, तिरके बसलेले कपलिंग, फाजील ताणलेला पट्टा हे सगळे तो झाकून नेतो. तापलेला बोर्ड बहुतेक वेळा दुसऱ्याचेच दुखणे सांगत असतो.

म्हणून पहिली चाचणी साधी आहे. वीज बंद करा, प्लग काढा, कपलिंग सोडवा आणि मूर्तीची यंत्रणा हाताने फिरवून पाहा. उद्यमबागेत लेथवर उमेदीची वर्षे काढलेले आपले सभासद ती कुठे जड जाते हे बोटाने सांगतील. मग मोटर एकटीच अर्धा तास चालवा. बोर्ड गार राहिला तर दोष यंत्रणेत. तरीही तापला तर सेटिंगमध्ये किंवा बोर्डात.

एक प्रकार विशेष सांगायला हवा. गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाचा हात वर धरून ठेवायचा असतो. यात अडकलेले काहीच नसते, तरी हाताचे वजन पेलायला मोटर सतत करंट घेते. अशा वेळी मोठी मोटर आणणे हा महागडा उपाय झाला. हाताच्या मागच्या बाजूला तोलाचे वजन बांधा, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखे. नाहीतर मध्ये वर्म गिअर घाला. सहसा तो मागून ढकलून फिरत नाही, त्यामुळे वजन गिअर धरतो, मोटर नाही.

आता सेटिंग. तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.६ अँपिअरवरून १.२ वर आलात, तर जोर साधारण चौथा हिस्सा कमी होतो, उष्णता मात्र जवळपास ४४ टक्क्यांनी उतरते. मोटरवर लिहिलेला आकडा आणि बोर्ड मागतो तो आकडा एकाच मापाचे आहेत का, हेही माहितीपत्रकात पाहा. एकीकडे आरएमएस आणि दुसरीकडे शिखर-करंट असला, तर घोळ होऊन उष्णता दुप्पट होऊ शकते.

मोटर उभी असताना बारीक थरथरते, गुणगुणते? मग बोर्ड जागा शोधत पुढे-मागे करतोय. गेन कमी करून पाहा. चुंबक सैल झालेले असू शकते. मोटर उघडून पुन्हा जोडली असेल तर कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते, आणि तेही शाफ्ट मोकळा असताना.

मोटरच्या पाठीवरच बसणाऱ्या बोर्डांना आणखी एक त्रास असतो. मोटर ७० अंशांना गेली तरी तिला फारसे काही होत नाही, पण तीच उष्णता बोर्डाला शेकत राहते. म्हणून मध्ये जाड वॉशर घालू नका. चुंबक आणि एन्कोडर यांतले एक-दोन मिलिमीटरचे अंतर बिघडते. मोटर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, लाकडावर नको. पट्टी उष्णता ओढून घेते. तापमान पिस्तुली थर्मामीटरने मोजत असाल तर चकचकीत धातूवर आधी काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर आकडा कमी दिसतो.

एवढे करूनही बोर्ड तापला तर पंखा जरूर लावा. फक्त गुलाल आणि धुपाची काजळी त्यात अडकते, रोज ब्रशने झाडावी लागते. बोर्ड थर्माकोल किंवा कापडाला लागून ठेवू नका, सप्लायच्या तारेत योग्य मापाचा फ्यूज हवाच. मंडपात रात्री लहान मुले देखाव्याच्या मागे शिरतात, हे आपण सगळे जाणतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही उपटू नका. ड्रायव्हर चिप तिथल्या तिथे जाते.

चाचणी किमान दोन तास सलग घ्या, पहिल्या दहा मिनिटांत बोर्ड गारच लागतो. तपासायला आमच्याकडे आणणार असाल तर मोटर आणि पॉवर सप्लायही सोबत आणा.