यकृतातील पाण्याची गाठ आणि अंगणातील कुत्रा

समजा, आपल्या घरातील चाळिशीच्या एका गृहिणीला काही महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो आहे. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग गॅसेस म्हणून ओवा झाला. अखेरीस बोईसरला सोनोग्राफी केली, तेव्हा अहवालात यकृतात ‘हायडॅटिड सिस्ट’ असल्याचे शब्द आले. घरी येताच मुलाने मोबाइलवर शोध घेतला. ‘फॉक्स टेपवर्म’, ‘यकृतात कर्करोगासारखा पसरणारा’ अशी वाक्ये समोर आली आणि त्या रात्री घरात कोणालाच झोप लागली नाही.

ही भीती बऱ्याच अंशी नावांच्या गोंधळातून येते. म्हणून प्रथम तो गोंधळ दूर करू.

दोन भावंडे, दोन स्वभाव

एकिनोकॉकस नावाच्या पट्टकृमींच्या कुळातील दोन जाती माणसाला विशेष त्रास देतात. त्यांपैकी एक लाल खोकडाच्या आतड्यात राहते. (इंग्रजीतील ‘फॉक्स’ म्हणजे आपली खोकड. कोल्हा हा वेगळा प्राणी.) हा कृमी मध्य युरोप, सायबेरिया, अलास्का, पश्चिम चीन आणि जपानचे होक्काइडो बेट अशा थंड प्रदेशांत आढळतो. त्याची वाढ यकृतात मुळांसारखी पसरत जाते आणि उपचार न झाल्यास बहुधा प्राणघातक ठरते.

आपल्याकडे प्रामुख्याने आढळतो तो त्याचा भाऊ, कुत्र्याचा पट्टकृमी. त्याची गाठ एका जागी, फुग्यासारखी, पाण्याने भरलेली असते. ती गंभीर खरी, पण वेळीच ओळखली तर बहुतेकदा बरी होऊ शकते.

कृमीचा प्रवास

हा कृमी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात आणि तरीही कुत्रा धडधाकट दिसतो. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि फिनाइलालाही दाद देत नाहीत.

शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस चरताना ती अंडी गिळते. अंड्यातील अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणून बहुतेक गाठी तेथेच होतात. तेथून निसटलेल्या अळ्या फुप्फुसांत अडकतात. त्या जनावराची गाठ असलेली कलेजी वा फोपसे कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. हे चक्र जर्मन शास्त्रज्ञ फोन सिबोल्ड यांनी 1853 मध्ये कुत्र्यांना अशा गाठी खाऊ घालून सिद्ध केले.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा : मटण खाऊन हा रोग होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी हात, माती, पाणी किंवा न धुतलेली भाजी यांवाटे पोटात गेली, तरच तो होतो. रुग्णाकडून घरातल्यांनाही तो लागत नाही. त्यामुळे त्या गृहिणीचे ताट वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या परिसरात

मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी 2009 मध्ये पश्चिम भारतातील खाद्यपशूंमधील या कृमीचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात म्हशीच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार सर्वाधिक आढळला. म्हणजे हा केवळ मेंढपाळांचा रोग नव्हे.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शेळ्या आणि राखणीचे कुत्रे एकाच अंगणात वावरतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतालच्या चाळींत भटकी कुत्री मांसविक्रीच्या दुकानांमागे घुटमळतात. गटारी, गावदेवीची जत्रा, बकरी ईद अशा दिवशी घरोघरी वा उघड्यावर बोकड कापला जातो आणि नको असलेले फोपसे सहज कुत्र्यापुढे टाकले जाते. भूतदयेपोटी केलेली ही कृती कृमीला हवी असलेली वाट मोकळी करते.

निदान आणि उपचार

ही गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. बालपणी गिळलेल्या अंड्याची गाठ तिशी-चाळिशीत कळू शकते. सोनोग्राफी हे मुख्य साधन, त्याला गरजेनुसार सी.टी. स्कॅन व रक्तचाचणीची जोड मिळते. गाठीच्या अवस्थेप्रमाणे अल्बेंडाझोलचा दीर्घ उपचार, सुईने पाणी काढून औषध सोडण्याची विशेष पद्धत, शस्त्रक्रिया किंवा केवळ देखरेख, यांपैकी मार्ग ठरतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली : अशी गाठ पुरेशी तयारी नसलेल्या ठिकाणी सुईने टोचून घेऊ नका आणि पोट चोळूनही घेऊ नका. गाठ फुटल्यास प्राणावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते आणि नवी पिल्ले पोटभर पसरू शकतात. दुसरी : शाळेत मिळणारी जंताची एक गोळी या गाठीवर पुरत नाही. आणि दुकानातून तीच गोळी आणून महिनोन्‌महिने घेणेही धोक्याचे, कारण या उपचारात यकृत व रक्तपेशींची वेळोवेळी तपासणी लागते. गर्भवतींनी तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊच नये. खर्चाची चिंता असेल, तर शासकीय योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राची भेट घ्या.

घरात काय पाळावे?

• पाळीव कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ‘प्राझिक्वांटेल’ हे जंतनाशक द्या. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून किमान चार वेळा देण्याचे सुचवते.

• कच्ची कलेजी, फोपसे वा वजडी कुत्र्याला घालू नका. टाकाऊ अवयव खोल पुरा.

• कुत्र्याला हात लावल्यावर, मातीत खेळल्यावर आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवा.

• कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. विहिरीचे वा ओहोळाचे पाणी उकळून प्या.

हे साधे वाटेल. पण एकेकाळी या रोगाने ग्रासलेल्या आइसलँडने असेच केले. 1864 मध्ये तेथे एक छोटी माहितीपुस्तिका वाटली गेली. कुत्र्यांना गाठी खाऊ घालू नका, हा तिचा गाभा. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना औषध मिळू लागले आणि त्या बेटावरून हा रोग हद्दपार झाला.

आपल्या घरातील त्या गृहिणीची गाठ कदाचित वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या न धुतलेल्या हाताची देणगी असेल. ती आज टाळता येणार नाही, पण अंगणात खेळणाऱ्या तिच्या नातवंडांची टाळता येईल. येत्या सणाला बोकड कापला गेला, तर फोपसे कुठे जाते, एवढे पाहा.