झाकून दाखविणारा शिल्पकार

१९९५ च्या जूनअखेरीस बर्लिनमधील राइशस्टाग ही जर्मनीची ऐतिहासिक संसद इमारत दोन आठवडे कापडाआड गेली, आणि नेमकी तेव्हाच ती पाहण्यासाठी सुमारे ५० लाख लोक तेथे लोटले. एक लाख चौरस मीटरहून अधिक रुपेरी कापड आणि सुमारे १५ किलोमीटर लांबीचा निळा दोर यांनी ती प्रचंड वास्तू गाठोड्यासारखी बांधली गेली होती. तिच्यावरची नक्षी, पुतळे, खिडक्या सारे नाहीसे झाले होते. उरला होता तो फक्त तिचा घाट आणि वाऱ्याबरोबर हलणाऱ्या कापडाच्या चुण्या. चौदा दिवसांनी कापड उतरविण्यात आले. या कलाकृतीसाठी जर्मन सरकारने एक पैसाही दिला नव्हता, कोणत्या कंपनीचे नाव तिच्यावर नव्हते आणि ती पाहण्यासाठी तिकीटही नव्हते.

हे गाठोडे बांधणाऱ्या कलावंताचे नाव ख्रिस्तो. ‘इमारती गुंडाळणारा माणूस’ अशी त्यांची जगभर ओळख झाली. परंतु ही ओळख अपुरी आहे. ते मुळात चित्रकला आणि शिल्पकला यांचे रीतसर शिक्षण घेतलेले बल्गेरियन कलावंत होते. कोणाच्याही हुकमाखाली कला निर्माण करायची नाही, या एका निश्चयाभोवती त्यांची कारकीर्द उभी राहिली. हा निश्चय कोठून आला आणि तो पाळण्यासाठी त्यांनी कोणती किंमत मोजली, हे पाहिल्यावाचून त्यांच्या कापडाचा अर्थ उलगडत नाही.

आगगाडीच्या खिडकीसाठी सजविलेला देश

ख्रिस्तो व्लादिमिरोव्ह याव्हाशेव्ह यांचा जन्म १३ जून १९३५ रोजी गाब्रोव्हो येथे झाला. कापडउद्योगामुळे ‘बल्गेरियाचे मँचेस्टर’ म्हणून हे गाव ओळखले जाई. वडिलांचा कापडावर प्रक्रिया करण्याचा कारखाना होता. साम्यवादी राजवटीत त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आईने सोफियाच्या कला अकादमीत काम केले होते. १९५३ मध्ये ख्रिस्तो त्याच अकादमीत दाखल झाले. तेथे रेखांकनाची तालीम कसून घेतली जाई. मात्र काय काढायचे हे शासन ठरवी. आनंदी शेतकरी, कष्टकरी कामगार आणि नेत्यांच्या प्रतिमा यांपलीकडे फारसे काही मान्य नव्हते.

अकादमीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम दिले जात असे. पश्चिम युरोपातून येणारी ‘ओरिएंट एक्सप्रेस’ ज्या मार्गाने जाई, त्या लोहमार्गालगतच्या गावांत जाऊन गवताच्या गंजी आणि शेतीची अवजारे नीटनेटकी कशी मांडावीत, हे शेतकऱ्यांना सांगावयाचे. खिडकीतून पाहणाऱ्या परदेशी प्रवाशांना देश सुबत्तेत असल्याचे भासावे, हा त्यामागचा हेतू. मोकळ्या भूप्रदेशात वस्तूंची मांडणी करणे आणि शेतकऱ्यांशी बोलणे, हे पुढे आयुष्यभर उपयोगी पडलेले कसब ख्रिस्तो यांनी या कामातच आत्मसात केले. फरक एवढाच, की सोफियात झाकायचे होते ते दारिद्र्य. पुढे त्यांनी झाकले ते लोकांच्या नजरेला सवयीचे झालेले जग.

१९५६ मध्ये हंगेरीतील उठाव रणगाड्यांखाली चिरडला गेला, तेव्हा ख्रिस्तो प्रागमध्ये होते. १९५७ च्या जानेवारीत मालगाडीच्या डब्यात लपून त्यांनी व्हिएन्ना गाठले. तेथून जिनिव्हा आणि १९५८ मध्ये पॅरिस. १९७३ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत ते कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. बल्गेरियाला ते पुन्हा कधीही परतले नाहीत.

दोन सह्या

पॅरिसमध्ये पोटासाठी ते श्रीमंत घराण्यांतील व्यक्तिचित्रे रंगवीत. या चित्रांवर ते ‘याव्हाशेव्ह’ अशी सही करीत. त्याच काळात खोलीत बसून डबे, बाटल्या, खोकी कापडात गुंडाळून दोरीने बांधण्याचे त्यांचे प्रयोग सुरू झाले होते. त्यांवर सही असे ती ‘ख्रिस्तो’ अशी. पोटासाठी केलेले काम आणि मनासाठी केलेले काम यांतील सीमारेषा त्यांनी अशी आरंभापासूनच आखून घेतली.

अशाच एका व्यक्तिचित्राच्या निमित्ताने एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या घरी त्यांची ज्याँ-क्लोद यांच्याशी ओळख झाली. त्यांचा जन्म कासाब्लांकाचा, आणि योगायोग असा की जन्मतारीखही हीच, १३ जून १९३५. ही ओळख सहजीवनात आणि आयुष्यभराच्या सहनिर्मितीत परिणत झाली.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. २७ जून १९६२ रोजी ख्रिस्तो यांनी पॅरिसमधील ‘र्यू व्हिस्कोंती’ हा अरुंद रस्ता तेलाच्या ८९ पिंपांची भिंत रचून काही तास बंद केला. या कामाला प्रशासनाची परवानगी मिळालेली नव्हती. नाव होते ‘लोखंडी पडदा’. तो पडदा स्वतः ओलांडून आलेल्या माणसाने ते दिले होते.

पैसा कोठून येई?

१९६४ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि कामांचा आकार वाढत गेला. १९६९ मध्ये सिडनीजवळच्या लिटल बे येथील सुमारे अडीच किलोमीटर खडकाळ किनारा कापडाने आच्छादला गेला. १९७२ मध्ये कोलोरॅडोतील रायफल येथे दोन डोंगरांमध्ये नारिंगी पडदा ताणण्यात आला. सोसाट्याच्या वाऱ्यामुळे तो अवघ्या २८ तासांत उतरवावा लागला. १९८३ मध्ये मायामीजवळच्या बिस्केन उपसागरातील ११ बेटांभोवती गुलाबी कापड पाण्यावर पसरले. त्याआधी या बेटांवरून सुमारे ४० टन कचरा काढण्यात आला होता.

यांपैकी प्रत्येक कामाला अफाट खर्च येई. तो भागविण्याची ख्रिस्तो यांची पद्धत साधी पण कठोर होती. प्रकल्पाची कल्पना सुचली, की ते तिची रेखाचित्रे, कोलाज आणि लहान प्रतिकृती तयार करीत. कोळसा, पेन्सिल, रंगखडू, नकाशे, कापडाचे तुकडे यांतून घडलेली ही चित्रे संग्राहक आणि संग्रहालये विकत घेत. त्या पैशातून अभियंते, वकील, कापड, पोलाद आणि मजुरी यांची तजवीज होई. प्रायोजक नाही, सरकारी अनुदान नाही, जाहिरातीचे हक्कही नाहीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ‘द गेट्स’ या २००५ मधील कामाचा सुमारे २ कोटी १० लाख डॉलरचा खर्चही असाच उभा राहिला.

प्रकल्प पूर्ण झाला, की त्याविषयी नवे चित्र काढायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांची चित्रे आठवणीखातर काढलेली नव्हती. जे अद्याप अस्तित्वात नाही त्याची ती कल्पनाचित्रे होती. म्हणूनच ‘ख्रिस्तो यांनी चित्रकला सोडली’ असे म्हणणे चुकीचे ठरते. त्यांच्यातील चित्रकार शेवटपर्यंत रोज काम करीत होता आणि त्याच्या कमाईवर शिल्पकार जगत होता. सोफियाच्या अकादमीने घडविलेला हात आता त्यांच्या स्वातंत्र्याचे भांडवल झाला होता.

परवानगीची वाट

हुकूम नको म्हणणाऱ्या या कलावंताला आयुष्यातील बराच काळ परवानग्या मागण्यात घालवावा लागला, हे वरवर विसंगत वाटेल. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ३९ किलोमीटरहून लांब असे पांढऱ्या कापडाचे कुंपण उभे राहिले. त्यासाठी ५९ शेतकऱ्यांची संमती मिळवावी लागली, १८ जाहीर सुनावण्या झाल्या आणि पर्यावरणविषयक ४५० पानांचा अहवाल तयार झाला. पॅरिसचा ‘पाँ नफ’ हा जुना पूल १९८५ मध्ये गुंडाळला गेला, तो दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर. राइशस्टागची कल्पना १९७१ मधील. तिला तीनदा नकार मिळाला. अखेर २५ फेब्रुवारी १९९४ रोजी जर्मन संसदेत तिच्यावर चर्चा झाली आणि चॅन्सेलर हेल्मुट कोल यांचा विरोध असतानाही २९२ विरुद्ध २२३ मतांनी ती संमत झाली.

ख्रिस्तो या वाटाघाटींना कलाकृतीचाच भाग मानीत. शेतकऱ्यापासून खासदारापर्यंत प्रत्येकाला ‘हे कशासाठी?’ असे विचारण्याचा आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असे. ज्या देशातून ते पळून आले होते, तेथे कलेविषयी असा जाहीर वाद होणेच अशक्य होते. विरोधकही या अर्थाने कामात सामील होत.

आक्षेप अर्थातच होते आणि ते सारेच पोकळ नव्हते. हा निव्वळ देखावा आहे, ही उधळपट्टी आहे, निसर्गाला यातून धोका आहे, असे म्हटले गेले. १९९१ मध्ये जपानमध्ये १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या महाकाय छत्र्या एकाच वेळी उघडण्यात आल्या. कॅलिफोर्नियात वाऱ्याने उखडलेल्या छत्रीमुळे एका महिलेचा मृत्यू झाला. नंतर जपानमध्ये छत्र्या उतरविताना एका कामगाराला विजेचा धक्का बसून प्राण गमवावे लागले. ख्रिस्तो यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना या दोन मृत्यूंचा उल्लेख टाळता येत नाही.

नाव दोघांचे

वर्षानुवर्षे ही कामे एकट्या ख्रिस्तो यांच्या नावावर होती. १९९४ मध्ये दोघांनी जाहीर केले, की खुल्या आकाशाखालील सर्व मोठी कामे ‘ख्रिस्तो आणि ज्याँ-क्लोद’ यांची मानावीत, आधीचीसुद्धा. रेखाचित्रे मात्र ख्रिस्तो यांचीच राहिली. एखाद्या अपघातात दोघेही गेल्यास काम थांबू नये म्हणून ते वेगवेगळ्या विमानांनी प्रवास करीत. १८ नोव्हेंबर २००९ रोजी ज्याँ-क्लोद यांचे निधन झाले. ख्रिस्तो काम करीत राहिले. २०१६ मध्ये इटलीतील इझेओ सरोवरावर त्यांनी पिवळ्या कापडाने मढविलेली तीन किलोमीटरची तरंगती वाट उभारली. सोळा दिवसांत सुमारे १२ लाख लोक पाण्यावरून चालले.

मात्र एक मोठा प्रकल्प त्यांनी स्वतःहून सोडला. कोलोरॅडोतील आर्कान्सॉ नदीवर कापडाचे छत धरण्यासाठी त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ आणि सुमारे दीड कोटी डॉलर खर्च केले होते. ती जमीन अमेरिकेच्या संघराज्य शासनाची होती. डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाल्यानंतर, जानेवारी २०१७ मध्ये, या नव्या जमीनमालकासाठी आपण काम करू इच्छित नाही, असे सांगून ते बाजूला झाले. पैसा स्वतःचाच असल्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

३१ मे २०२० रोजी न्यूयॉर्क येथे ख्रिस्तो यांचे निधन झाले. तरुणपणी पॅरिसमध्ये सुचलेली एक कल्पना तेव्हा अपुरी होती. १८ सप्टेंबर २०२१ पासून सोळा दिवस पॅरिसची ‘आर्क द त्रिओंफ’ ही विजयकमान २५ हजार चौरस मीटर रुपेरी-निळ्या कापडात आणि तीन किलोमीटर लाल दोरात बांधलेली लोकांनी पाहिली. त्यांचा पुतण्या व्लादिमीर याव्हाशेव्ह याने सहकाऱ्यांसह ते काम तडीस नेले. खर्च नेहमीप्रमाणेच चित्रांच्या विक्रीतून निघाला.

आज ही कमान मोकळी आहे, राइशस्टागमध्ये जर्मन संसद भरते आणि कॅलिफोर्नियातील त्या टेकड्यांवर कुंपण नाही. ख्रिस्तो यांची बहुतेक शिल्पे कोणालाही विकत घेता आली नाहीत, कोणाच्या दिवाणखान्यात गेली नाहीत आणि कोणत्याही राजवटीला आपली म्हणून मिरवता आली नाहीत. मागे राहिली ती कोळशाने आणि रंगखडूने काढलेली त्यांची चित्रे, आणि झाकलेली वास्तू एकदा पाहिल्यानंतर उघडी वास्तूही निराळी दिसू लागते, हा लाखो लोकांनी घेतलेला अनुभव.